पिल्लांवरची मरळ

मृगाच्या आदल्या दिवशी, सकाळी साडेसहाच्या सुमाराला, माझ्या मुलीने हिप्परग्याच्या तलावातून हातभर लांब मरळ ओढून काढली. सात वाजता आम्हाला कळलं की ती काढायची नव्हती. मधल्या अर्ध्या तासात मी मुलीची पाठ थोपटली, माशाच्या डोक्यात दगड घालून त्याला शांत केलं आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून बाभळीच्या सावलीत ठेवलं. जे बिघडवायचं ते आम्ही अगदी नीटनेटकं, हात धुऊन बिघडवलं होतं.

मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी सोलापुरात एका प्राथमिक शाळेत शिकवत होते. मुलगी दहा वर्षांची, मुलगा सातचा. सुट्टी, पत्र्याचं घर आणि दोन मुलं. ज्यांनी सोलापूरचा मे महिना काढला आहे त्यांना पुढचं सांगायला नको. नवऱ्याला माशाचं कालवण चाले, वास चालत नसे, त्यामुळे मुलांना तलावावर नेणं माझ्याकडे आलं. माझं माहेर मोहोळकडचं, सीनेच्या काठचं. वडिलांनी भावांच्या जोडीला बसवून मला गळ टाकायला शिकवलं होतं.

मुलांना गोडी लावायची माझी एक रीत होती. पहिल्या दिवशी गळ द्यायचाच नाही. काठी, दोरा, तरंगायला ज्वारीच्या ताटाचा तुकडा आणि दोऱ्याच्या टोकाला नुसता कणकेचा गोळा. वाऱ्याने तुकडा कसा हलतो आणि मासा चाखतो तेव्हा कसा हलतो, एवढं ओळखता आलं की पुढच्या खेपेला गळ. गांडुळं ज्याची त्याने उकरायची. धरलेला मासा ज्याने धरला त्यानेच साफ करायचा. ‘गप्प बसा’ म्हणायचं नाही, हाताला काम द्यायचं, मग मूल आपोआप गप्प बसतं. पाचव्या खेपेला मुलगी माझ्याआधी उठून कणकेचा डबा भरू लागली.

मासे कसे धरायचे हे मला येत होतं तेवढं सगळं मी शिकवलं. मासे धरणाऱ्या इतर माणसांशी कसं वागायचं हे शिकवलं नाही, कारण ते मलाच येत नव्हतं.

तलावावर तऱ्हेतऱ्हेचे लोक येत. गिरणीतले कामगार आठवडाभर एकाच जागी पेंडीचे गोळे टाकून ती जागा माशांच्या सवयीची करत आणि सुट्टीच्या दिवशी तिथेच बसत. रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ टोपी घालून, रिळाची काठी घेऊन येत आणि धरलेला प्रत्येक मासा परत पाण्यात सोडत. माझी मुलं त्यांना वेडे म्हणत आणि मी हसत असे. तलावाचा मक्ता भोयांकडे होता, ते ट्यूबवर बसून जाळी लावत. आणि माझ्या डोक्यात सीनाकाठचं एकच वाक्य घट्ट बसलेलं होतं: पाणी कुणाच्या बापाचं नाही.

या वाक्याच्या जोरावर पंधरा दिवसांपूर्वीच मी एक पराक्रम केला होता. मुलाचा गळ भोयांच्या जाळ्यात अडकला. दोरा तोडला असता तर गळ गेला असता. मी चाकूने जाळ्याची चार घरं कापली आणि गळ सोडवला. भोयांची एक म्हातारी काठावर जाळी वाळत घालत होती. ती तिथूनच ओरडली, “बये, गळ वाचवलास व्हय! माझं जाळं काय वाऱ्यावर उडून आलंय?”

“काठाला लागून जाळं कशाला लावता मग?” मी उलट म्हणाले. मुलं दोघंही ऐकत होती.

तर त्या सकाळी मी आणि दोन्ही मुलं पहिल्या एसटीने बांधाशी उतरलो. नेहमीच्या जागेवर पेंडवाले आधीच बसले होते, म्हणून वळसा घालून पाणकणसांच्या बाजूला गेलो. तिथे मुलीला पाणी उकळताना दिसलं. खरोखर तसंच दिसतं. भाताला आधण यावं तसा हातभर जागेत पाण्याला बुडबुडा आणि खाली तांबूस झाक. मरळ पाण्यात राहते, पण श्वासाला तिला वरची हवा लागते. तिची पिल्लं घोळक्याने वर येतात आणि एका दमात खाली जातात. खाली त्यांच्या राखणीला मोठी मरळ असते. जे जवळ येईल त्याला ती चावते, भूक असो की नसो. म्हणून तिला धरणं सगळ्यांत सोपं. आमच्या गावात याला अक्कल म्हणत. पाणी उकळतंय तिथे बेडूक टाक.

“आई, ही काठी कुणाची गं?” मुलीने विचारलं.

काठावर बाभळीची काठी रोवलेली होती. तिला साडीच्या काठाची लाल पट्टी बांधलेली होती.

“असेल कुणाची तरी. जाळ्याची खूण असेल.”

“मग इथं टाकू नको?”

“तू बेडूक लाव.”

हे तीन शब्द माझे. मुलीचे नव्हेत.

पहिली फेक लांब पडली. दुसऱ्या फेकीला बेडूक पाण्याला टेकला न टेकला तोच पाणी फाटल्यासारखं झालं. काठी वाकली. मुलगी मागे पडली, पण तिने काठी सोडली नाही. मी तिच्या कमरेला धरलं आणि आम्ही दोघींनी मिळून मासा चिखलावर ओढला. पुढचं वर सांगितलंच आहे.

सात वाजता सायकलवरून एक माणूस आला. चाळिशीचा, काटकुळा, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला. हँडलला पितळेची कळशी लटकत होती आणि तिच्या तोंडाला पातळ फडकं बांधलेलं होतं. मागावर काम करणाऱ्यांच्या केसांत असतो तसा कापसाचा भुरा त्याच्या केसांत होता. त्याने आधी पाणी पाहिलं. मग काठी पाहिली. मग गोणपाट.

“मोठी मिळाली काय?”

“मी काढली!” मुलगी उठली आणि तिने गोणपाट उघडून दाखवलं.

तो माशाशेजारी उकिडवा बसला. तेलुगूत स्वतःशीच काहीतरी बोलला. मग माझ्याकडे वळला.

“बाई, तुम्ही शाळेत शिकवता म्हणे.”

“हो.”

“म्हणजे वाचता येतं.”

“येतं की. का?”

“मग काठी कशी वाचता आली नाही?”

आवाज चढवला नाही त्याने. चढवला असता तर मी भांडले असते.

तो सोलापूरच्या पूर्व भागातला, तेलुगू विणकरांच्या वस्तीतला, मागावर काम करणारा. बायको घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. वर्षानुवर्षांच्या कापसाच्या धुळीने तिला दमा जडला होता, आडवं होता येत नव्हतं, भिंतीला टेकून रात्र काढायची. मृगाला हैदराबादेत मरळीच्या जिवंत पिल्लाच्या तोंडात औषध भरून ते दमेकऱ्याला गिळायला देतात. तीन वर्षं लागोपाठ घ्यायचं. मधलं एक वर्ष चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. त्याच्या बायकोचं हे तिसरं वर्ष होतं आणि त्यांची गाडी त्याच संध्याकाळची होती.

“तिथे मासे मिळत नाहीत का?” मी विचारलं.

“मिळतात की. गेल्या वर्षी आमचा नंबर येईपर्यंत संपले. एक मिळाला तो अर्धा मेलेला. तिने ओकून टाकला. दुसरा मिळाला, पण त्याच्यासाठी परत उन्हात रांगेला. रांगेतच तिचा जीव जातो काय असं झालं. तेव्हा ठरवलं, आपला मासा आपणच न्यायचा.”

तीन आठवडे तो पाळीवर जायच्या आधी सायकल मारत इथे येत होता. बगळे हाकलत होता. पेंडवाल्यांना त्याने सांगून ठेवलं होतं, टोपीवाल्या गृहस्थांना सांगितलं होतं, काठी रोवली होती. पिल्लं बोटाएवढी व्हायची वाट पाहत होता. आज ती नेमकी बोटाएवढी झाली होती.

“सगळ्यांना ठाऊक होतं,” तो म्हणाला. “काठी दिसली की माणूस विचारतो, कुणाची हाय. तुम्ही विचारलं नाही.”

माझी मुलगी विचारत होती. हे त्याला माहीत नव्हतं, पण तिला आणि मला माहीत होतं.

त्या औषधावर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. पण प्रश्न माझ्या विश्वासाचा नव्हताच. तीन आठवडे एका माणसाने रोवून ठेवलेली गोष्ट मी उपटली होती, आणि गाडीला नऊ-दहा तास उरले होते.

तो फडकं घेऊन पाण्यात उतरला. मीही पातळ खोचून उतरले. राखण गेली की पिल्लांचा घोळका फुटतो, एकेक पिल्लू गवतात लपतं, आणि बाकीचे मासे त्यांना टिपायला टपलेलेच असतात. दोन तास आम्ही पाणकणसं चाळली. एकच पिल्लू मिळालं, मागचा अर्धा भाग नसलेलं. मुलगी काठावर उभी होती.

“आई, ही परत सोडू?” तिने गोणपाटाकडे बोट दाखवलं.

“ती मेली आहे.”

“थोडी हलतेय.”

“मेली आहे. गोणपाट सावलीत सरकव.”

पलीकडून एका पेंडवाल्याने आवाज दिला, “काय मास्तरीणबाई, आज घरी कालवण जोरात!” दुसरा म्हणाला, “अरे, अख्ख्या पूर्व भागाला जेवायला बोलवा म्हणावं!” कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

नऊ वाजून गेले. ऊन पाण्यावर आलं तसा मी निर्णय घेतला.

“भोयांना विचारू.”

“त्यांना नको,” विणकर पाण्यातूनच म्हणाला. “पिल्लं नेतो म्हणून मला दोनदा हाकललंय.”

“मला चारदा हाकलतील. चला.”

म्हातारी बांधाच्या टोकाला जाळ्यातला कचरा वेचत बसली होती. आम्हाला येताना पाहिलं तरी तिचे हात थांबले नाहीत.

“कोण? जाळं कापणारी?”

“मीच.”

“आज काय कापाय आलीस?”

मी झालं ते सगळं सांगितलं. गाळलं काही नाही, कारण गोणपाट मुलीच्या हातातच होतं. म्हातारीने त्याचं टोक उचलून आत पाहिलं.

“पिल्लांवरची मारलीस? आगं, जाळ्यात घावली तर आमी सोडून देतो तिला. आन तू बेडूक दावून काढलीस?”

“बेडूक मी लावला होता,” मुलगी म्हणाली.

“तुला कुणी सांगितलं लावाय?”

मुलगी माझ्याकडे बघायला लागली.

“मी सांगितलं,” मी म्हणाले. “काठी तिने दाखवली होती. मी लक्ष दिलं नाही. आणि तुमच्या जाळ्याची कापलेली घरं मी विणून देते.”

“तुला इनता येतं?”

“नाही. तुम्ही शिकवा.”

“शाळेतल्या मास्तरणीला म्या शिकवू?” म्हातारी पहिल्यांदा हसली, तिला दात कमीच होते. पुढे त्या पावसाळ्यात तिने मला खरंच चार रविवार बसवलं आणि माझी गाठ सैल झाली की हातावर चापट मारली. पण तेव्हा तिने मान वळवून विणकराकडे पाहिलं. तो बराच लांब, सायकल धरून उभा होता.

“त्यो मागवाला लांब का हुबा? तोंड न्हाय व्हय त्याला?”

तो पुढे आला. “तुम्हीच हाकललं होतं मला.”

“इचारून आला असतास तर हाकललं असतं व्हय? चोरावानी फडकं घिऊन आलास, चोरावानी हाकललं.”

तीन आठवडे त्याने काठावरच्या सगळ्यांना सांगितलं होतं, फक्त ज्यांचा मक्ता त्यांना सोडून. मला बरं वाटलं असं मी म्हणणार नाही, पण मान थोडी वर झाली.

बांधाच्या मागे मुरूम काढून झालेला एक जुना खड्डा होता. त्यात पाणी साठून राहत असे आणि त्या पाण्यात मरळ पिल्लांवर होती. भोई त्या खड्ड्याला कधी हात लावत नसत. पावसाळ्यात ओढा फुगला की ती पिल्लं तलावात उतरत, तेच त्यांचं पुढच्या सालाचं बियाणं. म्हातारीने अटी सांगितल्या. पिल्लं तीनच घ्यायची, चौथं नाही. राखणीच्या मरळीला गळ नाही, काठी नाही, ढेकूळसुद्धा नाही.

“आन जिनं मारली तीच पाण्यात उतरंल.”

“पाणी किती आहे?” मी विचारलं.

“हिच्या छातीला. म्या हाय की संगं.”

मुलीला पोहता येत होतं, माहेरच्या विहिरीत शिकवलं होतं. पण मुरमाच्या खड्ड्याला तळाशी गाळ असतो आणि गाळात पोहणं उपयोगी पडत नाही. मी मुलीकडे पाहिलं. ती चपला काढत होती.

साडेदहाला दोघी पाण्यात उतरल्या. म्हातारीने विणकराचं फडकं पाण्याखाली पसरलं. दोन टोकं तिने धरली आणि दोन मुलीला दिली.

“आता तू पोरगी न्हाईस. खुंटा हाईस. माशी बसली तरी हालायचं न्हाय. म्या हनुवटी खाली घेतली की उचलायचं.”

मी, मुलगा आणि विणकर काठावर. सावली नव्हती. मुलाच्या हाती मी लहान खडे देऊन ठेवले होते, हातात खेळवायला, म्हणजे तो गप्प राहील. वीस मिनिटं काहीच झालं नाही. मग खड्ड्याच्या पलीकडच्या कडेला पाणी उकळलं. खाली गेलं. पुन्हा उकळलं, थोडं अलीकडे. पुन्हा, आणखी अलीकडे. फडक्यापासून दोन हातांवर आलं.

“आई, आले—”

मुलाच्या हातातले खडे पाण्यात पडले. पाणी सपाट झालं. म्हातारीने मागे न बघता त्याला एक शिवी घातली, ती मी इथे लिहीत नाही. मी मुलाच्या तोंडावर हात ठेवला आणि पुढचा वेळ तो काढला नाही. हाताला काम दिलं की मूल गप्प बसतं, ही माझी रीत त्या दिवशी मोडीत निघाली.

पुन्हा पहिल्यापासून. अर्धा तास. विणकर सारखा सूर्याकडे बघत होता. मुलीच्या हातातलं फडकं भिजून जड झालं होतं, आणि हात वर घ्यायची मुभा नव्हती.

मग पाण्यात तिच्या जवळून काहीतरी काळं, जाड, सावकाश गेलं. मागे वळलं. मुलीचे ओठ आवळले गेले.

“चावली,” ती म्हणाली. ओठ न हलवता.

“चावू दे,” म्हातारी म्हणाली. “तिची पिल्लं हायती.”

पुन्हा एकदा ते काळं आलं आणि मुलीचे खांदे ताठ झाले. तिच्या मागे पाण्यात लालसर धाग्यासारखं काही वर आलं. मी खड्ड्यात एक पाऊल टाकलं. विणकराने माझा दंड धरला.

“बाई. थांबा.”

त्याचा हात झटकायचा अधिकार मला होता. माझी मुलगी होती. मी मुलीच्या तोंडाकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. म्हातारीच्या हनुवटीकडे बघत होती. मी पाऊल चिखलात तसंच ठेवलं, पुढे नाही, मागे नाही.

पाणी दोघींच्या मधोमध उकळलं. म्हातारीची हनुवटी खाली गेली. फडकं वर आलं.

सात पिल्लं होती. बोटाएवढी, ताम्रवर्णी, फडक्यावर वळवळणारी. म्हातारीने ओंजळीने चार पाण्यात सोडली, एकेक, घाई न करता. तीन विणकराच्या कळशीत गेली. मी मदत म्हणून कळशी पाण्याने काठोकाठ भरायला घेतली तर त्याने माझा हात अडवला.

“अर्धीच. वर हवा पाहिजे. भरली तर बुडून मरतील.”

मासे बुडून मरतात हे मुलाला फार आवडलं. दिवसभर तो तेच म्हणत होता.

मुलीच्या पोटरीवर दातांच्या दोन ओळी उठल्या होत्या. खोल नव्हत्या. मी पिण्याच्या पाण्याने धुतल्या आणि रुमाल बांधला. ती रडली नाही. घरी गेल्यावर टिंक्चर लावलं तेव्हा रडली, आणि ते बरोबरच होतं.

आता कळशी न्यायची कशी हा प्रश्न होता. विणकर ती हँडलला लटकवायला लागला. रस्ता खडीचा, ऊन डोक्यावर, कळशी चाकावर आपटणार.

“एसटीने आम्ही नेतो,” मी म्हणाले. “मांडीवर धरून. तुम्ही सायकलने या.”

सकाळी ज्या बाईने त्याची मरळ मारली तिच्याच हाती तो आता कळशी देणार होता. त्याने माझ्या हाती ती दिली नाहीच. मुलीच्या हाती दिली.

बसमध्ये कंडक्टरने विचारलं, “कळशीत काय?”

“पाणी,” मुलगी म्हणाली.

“लोक शहरातून गावाकडं पाणी नेतात, तुम्ही गावातून शहरात? उलटंच की!” तो फडकं उचलायला वाकला.

“उचलू नका,” मुलगी अशा आवाजात म्हणाली की त्याने हात मागे घेतला. उन्हाने तापलेल्या बसमध्ये तिने दोन्ही हातांनी कळशी पोटाशी धरली होती आणि प्रत्येक खड्ड्याला बसबरोबर स्वतः उचलली जात होती, कळशी नाही.

विणकराच्या दाराशी पोचलो तेव्हा तिन्ही जिवंत होती. घरी येऊन मी ती मोठी मरळ साफ केली आणि कालवण केलं. मेलेला मासा फेकून देणं हे आणखी एक पाप झालं असतं, आणि मला पापांची रांग लावायची नव्हती. मुलीने दोन तुकडे खाल्ले.

संध्याकाळी आम्ही स्टेशनवर गेलो. जायची गरज नव्हती. मुलगी म्हणाली, बघून येऊ. विणकराची बायको खिडकीशी बसली होती. तिचा श्वास फलाटावर ऐकू येत होता, भात्यासारखा, वर जाताना शिट्टी. कळशी तिच्या पायांत होती. तिने फडकं सोडलं आणि आत बघितलं.

“कुठलं?” तिने मुलीला विचारलं.

“काय कुठलं?”

“मी कुठलं गिळू? तू धरलीस ना.”

मुलीने खिडकीतून मान आत घातली. “ते. कडेचं. ते सारखं वर येतंय.”

“हां. चपळ हाय.” तिने बोट पाण्यात घालून त्या पिल्लाला ढोसलं. “गेल्या साली घशात शेपूट मारली एकानं.”

“भीती वाटत नाही तुम्हाला?”

“वाटते की.” दोन श्वास घेऊन तिने वाक्य पुरं केलं. “पण भीती वाटली म्हणून तोंड मिटलं तर औषध कुठून जाणार?”

गाडी हलली. तिने फडक्याचं टोक दातात धरून गाठ मारली.

आठवड्याने तो तलावावर आला. आम्ही पेंडवाल्यांना विचारून, त्यांनी दाखवलेल्या जागी बसलो होतो. वाईट जागा होती, पण विचारून मिळालेली होती. त्याने सायकल उभी केली.

“गेला. एका घोटात. जिवंत.”

“आणि आता कसं आहे त्यांना?” मी विचारलं.

“बसूनच झोपते. बघू, वैद्य म्हणाला, पथ्य पाळा.” मग तो मुलीला म्हणाला, “तू धरलेलाच गेला. त्या कडेचाच.”

“मी नुसतं फडकं धरलं होतं,” मुलगी म्हणाली. “खड्डा दाखवला तो जाळीवाल्या मावशीनं. तिला सांगितलं का?”

त्याने बांधाच्या टोकाकडे पाहिलं. म्हातारी जाळी पसरत होती. तो सायकल तिथेच ठेवून चालत तिच्याकडे गेला, आणि जाळ्यापासून दहा पावलांवर थांबून त्याने आधी हाक मारली.